कन्सीलर लावतो हे होणाऱ्या बायकोला सांगू का? (आणि बाबा बोलायचे बंद झालेत)

खाडीपलीकडचा

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचत आलोय, लिहायला आज पहिल्यांदाच बसलोय. हसायचं असेल तर हसा पण नंतर उत्तरपण द्या.

वय २९. गाव संगमेश्वर तालुक्यात, नोकरी रत्नागिरीत एका पतसंस्थेत, काउंटरला. रोज बाइकने जाऊन येऊन सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर होतात, त्यात हायवेचं काम कधी संपेल ते देवालाच माहीत, ती तांबडी धूळ आणि दुपारचं ऊन. दोन वर्षांपूर्वी दोन्ही गालांवर काळपट डाग आले, आई म्हणाली वांग आहे. स्किनच्या डॉक्टरकडे गेलो, त्यांनी क्रीम दिलं आणि म्हणाले सनस्क्रीन लाव, रंगवाला मिळतो तो लाव, टिंटेड. तिथून सुरुवात झाली. तो लावल्यावर डाग जरा बुजल्यासारखे दिसले, आणि खरं सांगतो, आरशात बघून बरं वाटलं. मग यूट्यूब. मग डोळ्यांखाली कन्सीलर. आता सकाळी चार मिनिटं लागतात, सनस्क्रीन, कन्सीलरचे तीन टिपके प्रत्येक बाजूला बोटाने थापून, भुवयांवरून ब्रश, ओठांना बाम. बामला किंचित रंग आहे, आता सांगतोयच तर सगळं सांगतो.

वर्षभर कुणाला कळलं नाही. एकच झालं, एक मावशी पासबुक भरायला येतात त्या म्हणाल्या "बरं वाटतंय ना रे आता? मध्ये आजारी होतास ना?" मी आजारी वगैरे काही नव्हतो.

आता झालं काय की शिमग्याला देवाची पालखी सहाणेवर, म्हणजे ती ठेवायच्या गावच्या चौथऱ्यावर बसली होती, चुलतभावाने हार आणायला माझी बाइक नेली आणि डिकीत पाऊच मिळाला. परत आला तो पाऊच हातात वर धरूनच, सहाणेवर सगळ्यांसमोर, "आमची नवरी बघा, सामान घेऊन आलीय." ढोल वाजवणारे पण थांबून हसले. मीपण हसलो, काय करणार. बाबा समोरच होते. त्या दिवसापासून आज नववा दिवस, "जेवलास का" आणि "दार लावून घे" याच्यापुढे एक शब्द नाही.

माघात साखरपुडा झालाय, लग्न मे महिन्यात. मुलगी लांज्याकडची, शाळेवर आहे. तिला यातलं काही माहीत नाही. भाऊ तिचा तालमीतला, दंड असे की माझी मांडी. तिला आधीच सांगू की लग्नानंतर आपोआप कळेल तेव्हा कळू दे? आणि दुसरं म्हणजे, मी बायकी आहे असं मला स्वतःला कधीच वाटलं नव्हतं, पण आता नऊ दिवस रोज सकाळी ट्यूब हातात घेतली की वाटतं, आणि तरी लावतोच. याचं काय करायचं?

मुंबईकर_चाकरमानी

दाढी वाढव. डाग झाकतात, फुकट आहे, तालमीतला मेहुणापण इज्जत देतो. विषय संपला.

गुहागरचे गुरुजी

वरचं उत्तर विनोदी आहे पण माझं म्हणणं फार वेगळं नाही. मी निवृत्त शिक्षक, वय ६७, तेव्हा मला मागासलेला म्हणायची सोय आहे ती वापरा.

बायकी-पुरुषी या भानगडीत मी पडत नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. फेअर अँड लव्हली आली १९७५ ला, तीस वर्षं बायकांना सांगितलं की तुम्ही काळ्या आहात म्हणून तुमचं लग्न होत नाही, नोकरी मिळत नाही. मग २००५ साली लक्षात आलं की अर्धं गिऱ्हाईक तसंच पडून आहे, दुसऱ्या एका कंपनीने पुरुषांसाठी फेअर अँड हँडसम काढली, जाहिरातीला शाहरुख खान. २०२० मध्ये जगभर रंगावरून बोंब झाली तेव्हा फेअर अँड लव्हलीतलं फेअर जाऊन ग्लो झालं, ट्यूब तीच राहिली. आधी माणसाला आरशात खोट दाखवायची आणि मग खोट झाकायची बाटली विकायची, हा धंदा. बायका त्यात शंभर वर्षं अडकल्या, आता आपण होऊन मान कशाला द्यायची? तुझ्या गालावर डाग आहेत तर आहेत, ऊन खाऊन कमावतोस त्याचे आहेत ते. आमच्या दाभोळला फेरीबोटीवर पोरं दिवसभर उन्हात तिकिटं फाडतात, ती काय तोंड झाकून बसतात?

मुलीला मात्र सांग. चोरून केलेली कुठलीही गोष्ट संसारात सडते.

चिपळूणची पार्लरवाली

गुरुजी नमस्कार. तुमचं जाहिरातीचं पटलं, शंभर टक्के. पण एक विचारते, रागावू नका. तुमच्या केसांना कलप आहे का हो?

गुहागरचे गुरुजी

आहे. मिशीलापण.

चिपळूणची पार्लरवाली

बघा 😄 आणि तुमच्या वेळी पावडर? मला माझे आजोबा आठवतात, धोतर नेसून बाजाराला निघाले की तोंडाला आणि मानेला अशी पावडर थापायचे की एसटीत घाम आला की तिचे ओहोळ व्हायचे. त्यांना कुणी मेकअप करतात म्हटलं नाही. पुरुष करतो त्याला आपल्याकडे मेकअप म्हणतच नाहीत, कलप म्हणतात, पावडर म्हणतात, डी-टॅन म्हणतात, "जरा तोंड साफ केलं" म्हणतात.

आता प्रश्न विचारणाऱ्या दादांसाठी. मी अकरा वर्षं पार्लर चालवते, नवरीबरोबर नवरदेवाचा मेकअप पहिली पाच-सहा वर्षं मला कुणी विचारलाच नाही. आता या सीझनला जेवढ्या नवऱ्या घेतल्यात त्यातल्या निम्म्याहून जास्त नवरदेवांनी पण बुकिंग केलंय, आणि बहुतेक वेळा फोन आई किंवा बहीण करते, तो स्वतः नाही. खोलीत आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "ताई, थोडंच हां, कळता कामा नये." आणि दार लावून घ्या. दुसरं वाक्य आईचं असतं, "जरा उजळ कर." ते मी करत नाही. सावळ्या मुलाला दोन शेड गोरा केला की मंडपात राखेत लोळून आल्यासारखा दिसतो आणि हात वेगळे, तोंड वेगळं. व्हिडिओवाले हल्ली इतका जवळचा कॅमेरा लावतात की काहीच लपत नाही.

तुम्ही जे करताय ते बरोबर आहे पण मे महिन्यात, मंडपात, होमासमोर ते टिकणार नाही, म्हणून ऐका. वांगावर आणि डोळ्यांखाली डायरेक्ट त्वचेच्या रंगाचं कन्सीलर लावलं की राखाडी दिसतं. आधी नारिंगी करेक्टर, अगदी नखाएवढा, मग वरून कन्सीलर. दाढीच्या खुंटांवर काही लावायचं नाही, तिथे साचतं आणि चुना लावल्यासारखं दिसतं. पावडर फक्त नाक-कपाळ-हनुवटी, दाबून, घासून नाही. आणि घाम आला की रुमालाने पुसायचं नाही! टिपायचं. पुरुषांना हे एक वाक्य शिकवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो, ते बोहल्यावरच रुमाल काढून कपाळ घासतात की माझी तासाभराची मेहनत रुमालावर.

शेड गालावर बघून घेतली असेल तर ती चुकीची आहे, जबड्याच्या कडेला मानेशी जुळवून बघा.

दर्यावर्दी_हर्णै

मी शिपवर असतो, त्यामुळे जरा बाहेरचं सांगतो. सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या शिपला एक कोरियन थर्ड ऑफिसर होता, बुसानचा, वॉचला येताना तोंडाला काहीतरी डबीतून स्पंजने लावून यायचा. आम्ही इंडियन लोकांनी त्याची एवढी खेचली की विचारू नका, त्याला कळायचं पण आणि त्याला घेणं देणं काही नव्हतं. एकदा मेसमध्ये मी विचारलं तेव्हा म्हणाला आमच्याकडे केस विंचरतात तसं आहे हे, इंटरव्यूला न लावता गेलं तर गबाळा समजतात. आणि हा माणूस सक्तीची मिलिटरी करून आलेला, तिकडे धडधाकट पोरांना करावी लागते. तिथे तोंडाला लावायचा हिरवा-काळा रंगपण कंपन्या कातडीला त्रास होणार नाही असा बनवून विकतात. म्हणजे बंदूक एका हातात आणि डबी दुसऱ्या. मर्दानगीचं त्यांचं गणित आपल्यासारखं तिथे येऊन अडत नाही.

शनेल या फ्रेंच कंपनीने २०१८ मध्ये पुरुषांसाठी फाउंडेशन, भुवयांची पेन्सिल आणि लिप बाम असा सेट काढला तो पहिल्यांदा कुठे आणला तर कोरियात. गुरुजी म्हणतात तसा धंदा आहेच, धंदेवाल्याला बरोबर माहीत असतं कुठे माल खपेल.

पण मला जास्त आठवतं ते म्यानमारमधलं यांगून. तिथे एका झाडाचं खोड पाणी टाकून दगडावर उगाळतात, अगदी आपल्या गंध उगाळायच्या सहाणेसारखा दगड, आणि तो पिवळट लेप गालावर लावून बायका, पोरं बाजारात फिरतात, पुरुषपण. थनाखा म्हणतात. उन्हासाठी, थंडाव्यासाठी, आणि छान दिसतं म्हणून. मी एका बोटवाल्याला विचारलं औषध म्हणून लावतोस की दिसायला म्हणून, तर त्याला प्रश्नच कळला नाही.

तुझ्या केसमध्ये पण तेच झालं ना रे? डॉक्टरने सनस्क्रीन सांगितला तोपर्यंत औषध होतं. आरशात बघून बरं वाटलं तिथे गुन्हा झाला.

आता माझं. डेकवर ऊन दोन बाजूंनी लागतं, वरून आणि पाण्यावरून. चाळिशीत माझं नाक बघ, भाजलेल्या वांग्यासारखं झालंय. तेव्हा लावलं असतं तर बरं झालं असतं, पण हसतील म्हणून नाही लावलं.

औषधवाला_राजापूर

घाईत लिहितोय, काउंटरला गर्दी आहे.

टिंटेड सनस्क्रीन सांगणारे डॉक्टर बरोबर आहेत. वांगाला नुसतं अल्ट्राव्हायोलेट नाही, डोळ्याला दिसणारा उजेडपण वाढवतो, आणि त्या रंगात जे आयर्न ऑक्साइड असतं ते हा उजेड अडवतं. पांढरा सनस्क्रीन ते काम तेवढं करत नाही. एसपीएफ ३० आणि ५० मध्ये भाजणारे किरण अडवण्याचा फरक ९७ टक्के आणि ९८ टक्के एवढाच, महत्त्वाचं म्हणजे भरपूर लावायचा, दोन बोटांवर दोन रेघा भरून, आणि दुपारी परत. लोक वाटाण्याएवढा लावतात आणि मग म्हणतात फरक नाही.

दुसरं, आणि यासाठीच लिहायला बसलो. कृपा करून ते तीन औषधांचं मिक्स क्रीम डॉक्टरशिवाय लावू नका. गोरं व्हायला म्हणून पोरं कागदावर नाव लिहून आणतात, हल्ली मुलींपेक्षा मुलगे जास्त. त्यात स्टेरॉइड असतं. पहिला महिना तोंड असं उजळतं की गावभर सांगत सुटतात, मग कातडी पातळ, लाल, उन्हात गेलं की आग, पुटकुळ्या, आणि बंद केलं की दुप्पट. २०१८ मध्ये सरकारने चौदा स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. मी देत नाही म्हणून दोन गिऱ्हाइकं माझ्याशी कायमची भांडली.

त्यामानाने कन्सीलर म्हणजे काहीच नाही. रात्री धुवून झोपा म्हणजे झालं. गुरुजी, कलप लावण्याआधी कानामागे टेस्ट करत जा, त्यातल्या पीपीडी नावाच्या रसायनाची ॲलर्जी वाईट असते.

पेटाऱ्यातली राणी

मालवणीत लिवतंय, समजून घेवा. मी सावंतवाडी बाजूचो, बावीस वर्सां दशावतारात स्त्रीपार्ट करतंय.

आमच्यात मेकअपमन नसता. ज्येचा तोंड तेनाच रंगवचा. देवळाच्या मागल्या बाजूक चटई घालूची, पेटाऱ्याच्या झाकणाक आरसो टेकवचो, नि बसाचा. दाढी दोनदा, एकदा सुलट एकदा उलट. तरी वरच्या ओठार निळसर रवता, तेच्यार आधी तांबडो रंग पुसट लावचो नि मगे वरसून तोंडाचो. पार्लरवाल्या ताईन नारिंगी म्हटल्यान ता ह्याच, आमका म्हाताऱ्यांनी शिकवल्यानी, यूट्यूबान नाय. जुने लोक सफेदो नि पिवडी खोबरेलात खलत, गालाक कुंकू. आता पॅनकेक म्हणान तयार रंग गावता. औषधवाले, तुमच्या सनस्क्रीनात पांढरा काय असता? झिंक ना? आमचो सफेदो तोच!

आता गजाल ऐक. दिवसा मी काजीच्या बागेत कामाक. काजीचो हंगाम नि जत्रांचो हंगाम एकाच वक्ताक. रातभर नाटक, पाटे तोंड धुवचा, नि आठ वाजता बागेत. रंग धुवन जाता पण कोरलेल्यो भुवयो खय जातत? त्यो तशेच. पयल्या वर्सा गडी हसले, नावां ठेवल्यानी. मगे एकदा काय झाला, रातीक मी तारामती केलेली, सकाळी तोंड धुवन लुंगी नेसान एसटीत बसलंय, दाढी वर येवक लागलेली. बाजूक एक म्हातारी. माझो हात धरल्यान नि म्हणता, "बाय गो, रातीक तुका लय सोसूक लागला." माका बाय म्हटल्यान. अख्ख्या एसटीत एक माणूस हसलो नाय. तेच्यात ते गडी पण होते.

पण खरा सांगू काय? ता सगळा रातचा. ह्या बावीस वर्सांत दुकानात कॉम्पॅक्ट घेवक गेलंय की दुकानदार विचारता, "बायलेक की काय?" नि मी म्हणतंय "होय." एकदा पण तोंडातसून "माका" असा भायर पडला नाय. सगळो गाव समोर बसलेलो आसता तेव्हा लाज वाटणत नाय, दुकानात एकटो उभो आसताना वाटता. रातीक माझ्या तोंडाक नाव आसता, तारामती, द्रौपदी, मोहिनी. तुझ्या तोंडाक सोंगाचा नाव नाय रे. तू आपल्याच तोंडार रंग लावन आपलाच तोंड घेवन बँकेत बसतंस. ता लोकांका पचणत नाय, नि खरा सांगूचा तर माकापण पयल्यांदा वाचल्यार कसातरीच वाटला.

बापूस बोलणत नाय म्हणतंस. तुमच्या संगमेश्वराकडे नमन-खेळे आसतत ना? तेका विचार, तेच्या तरुणपणी गवळणी कोण होयत.

नेलपॉलिश_नको_म्हणे

रत्नागिरीत कॉलेजला आहे. सगळ्यांचं वाचून बरं वाटलं आणि थोडा रागपण आला, तो लिहितो.

सगळे एकच सांगताय बघा, कळू देऊ नको, मानेशी जुळव, थोडंच लाव. म्हणजे न दिसणारा मेकअप चालेल. मी काजळ घालतो, दिसेल असं, आणि डाव्या हाताच्या दोन नखांना काळं पॉलिश. मला "आजारी होतास का" असं कुणी प्रेमाने विचारत नाही. मांडवीला संध्याकाळी फिरायला गेलो की बाइकवरून आवाज येतात, एकदा वाळूची मूठ आली तोंडावर. लहानपणी मला आजीनेच काजळ घातलं, तूप आणि कापूर जाळून वाटीवर धरलेलं, गालाला तीट. पाच वर्षांचा होईपर्यंत दृष्ट लागू नये म्हणून, नंतर तेच काजळ बघून दृष्ट काढायची वेळ आली म्हणतात.

दादा, तुझा चुलतभाऊ पाऊच वर करून हसला तेव्हा तू पण हसलास असं लिहिलंयस. मी तुझ्या जागी असतो तर काय केलं असतं माहीत नाही, बहुतेक मीपण हसलोच असतो. पण तिथे कोपऱ्यात माझ्यासारखा एखादा उभा असेल ना गर्दीत, त्याने त्या दिवशी काय ठरवलं असेल, एवढं मनात येऊन गेलं.

मुंबईकर_चाकरमानी

बालगंधर्व बायकांचे रोल करायचे, बायका त्यांच्यासारख्या साड्या नेसायच्या, १९६४ ला पद्मभूषण मिळालं. म्हणजे आपल्याकडे हे आधीपासून मान्यच आहे की. उगाच टेन्शन घेता.

नेलपॉलिश_नको_म्हणे

मान्य आहे ना, नाटकात. वरती राणीकाकांनी तेच तर सांगितलं, वाच जरा. पद्मभूषण स्टेजवरच्या शालूला मिळालं, मांडवीला फिरायला गेले असते शालू नेसून तर?

गुहागरचे गुरुजी

पेटाऱ्यातल्या राणीसाहेब, तुमची एसटीतली म्हातारी वाचून मी अर्धा तास काही लिहिलं नाही.

माझा जाहिरातींवरचा राग कायम आहे. पण कलपाचं सांगतो. ३० वर्षं लावतोय. पहिल्यांदा लावला तो शाळेत नवीन हेडमास्तर माझ्यापेक्षा तरुण आले तेव्हा. महिन्यातून दोनदा, न्हाणीघराची कडी लावून, आणि नातवंडं आली की कपाटात मागे. म्हणजे मीपण लपवतोच आहे. फेरीबोटीवरच्या पोरांचं उदाहरण मी दिलं ते तेवढं बरं नव्हतं, त्यांना कुणी विचारलंय की त्यांना सनस्क्रीन हवाय का.

खाडीपलीकडचा

सगळ्यांना एकदमच उत्तर देतो, चार दिवस लागले.

राणीकाका, तुम्हाला कसं कळलं माहीत नाही. बाबा गवळण करायचे. मला हे अर्धवट माहीत होतं, कुणी त्यावर बोलत नाही आमच्यात. आईला विचारलं तर तिने कपाटातून अल्बम काढला, कृष्णाबरोबर पाच गवळणी डोक्यावर घागरी घेऊन, डावीकडून दुसरे बाबा. नथ, हिरवा खण, आणि काय दिसतात! आई म्हणाली मी सून म्हणून आले तेव्हा बायका मला म्हणायच्या, तुझा नवरा तुझ्यापेक्षा देखणी बाई आहे. अकरा वर्षं केली, मग कंबर गेली आणि सोडली.

काल संध्याकाळी बाबा पडवीत आमसुलांसाठी कोकमं फोडत बसले होते, मी जाऊन समोर बसलो, मीपण फोडायला घेतली. दहा-पंधरा मिनिटं कुणी काही नाही. मग मीच म्हटलं, बाबा, त्या पाऊचचा राग आलाय का. तर म्हणाले, "पाऊचचा कशाला येईल? देवाची पालखी बसली होती, तिथे तो पोरगा तुझी चेष्टा करत होता आणि तू पण दात काढत होतास त्याच्याबरोबर. ते नाय आवडलं. आम्हाला पण हसायचे. आम्ही नाय हसलो कधी त्यांच्याबरोबर."

कॉलेजवाल्या, तू तेच लिहिलंयस म्हणून मुद्दाम सांगितलं.

मग बराच वेळ परत कोकमं. उठताना माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "मान राहते तुझी. आम्ही मान आधी घ्यायचो, तोंड शेवटी." आणि हात धुवायला गेले. बस. आजपण "जेवलास का"च चाललंय, पण आवाज बदललाय असं आईचं म्हणणं.

मुलीला सांगितलं. फोनवर नाही, भेटूनच, लांजा स्टँडच्या कॅन्टीनमध्ये, भजी थंड होईपर्यंत मला तोंड उघडता येईना. ऐकून आधी खूप हसली, मग म्हणाली मला माहीत होतं. साखरपुड्याच्या फोटोत तुझ्या शेरवानीची कॉलर आतून पिवळी दिसतेय, आम्ही बहिणींनी झूम करून बघितलं. म्हणजे दोन महिने माहीत होतं आणि काही बोलली नाही! मी विचारलं वाईट वाटलं का, तर म्हणाली लावतोस त्याचं नाही, डागांचं सांगितलं नाहीस त्याचं थोडं वाटलं, आणि तुझ्या कन्सीलरची किंमत ऐकून जास्त वाटलं. सगळं गोड झालं असं समजू नका. निघताना म्हणाली दादाला मात्र लग्न होईपर्यंत कळू देऊ नको. मी हो म्हटलं. यावर अजून विचार करतोय.

चुलतभावाने काल मेसेज टाकला, डोळ्यांखाली काय लावतोस त्याचं नाव पाठव, कुणाला सांगू नको. अजून उत्तर दिलेलं नाही.

पेटाऱ्यातली राणी

नाव पाठव तेका. पण दोन दिवस थांबान पाठव.

चिपळूणची पार्लरवाली

शेरवानी ड्रायक्लीनला टाकली नसेल तर टाकण्याआधी कॉलरला भांड्यांचं लिक्विड थेंबभर लावा, जुन्या टूथब्रशने हळू घासा, थंड पाणी, गरम नको. भाड्याची असेल तर देताना आतली बाजू घडीत घाला, मी सगळ्या नवरदेवांना हेच सांगते.

खाडीपलीकडचा

भाड्याचीच होती ताई, आणि परत गेली पण. दुकानदार काही बोलला नाही.

चिपळूणची पार्लरवाली

नाही बोलायचा. सगळ्याच पिवळ्या येत असतील त्याच्याकडे.

औषधवाला_राजापूर

वांगाचं मलम चालू आहे ना अजून? ते बंद केलंत का या सगळ्यात?

खाडीपलीकडचा

अरे हो. संपलंय शिमग्यापासून. उद्या आणतो.

औषधवाला_राजापूर

उद्या रविवार, दुपारपर्यंतच उघडं आहे. चिठ्ठी घेऊन या.